मनगट धरलं तेव्हा

भाईंदर (पूर्व)
१८ जानेवारी १९९४

प्रिय सुगंधाताई,
सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे बरे आहोत. बाबांना भांड्यांच्या कारखान्यात आता दिवसपाळी मिळालीय. निशा सासरी गेल्यापासून काकूंना घर खायला उठतं. माझ्या इंग्रजीच्या शिकवणीला नऊ मुली येतात.

शनिवारी त्यातल्या पायलनं विचारलं, "टीचर, विन्स म्हणजे रडणं ना?" मी म्हटलं, नाही. रडणं दुसऱ्याला ऐकू जातं. दुखऱ्या जागी अचानक काही लागलं की चेहरा क्षणभर आक्रसतो आणि माणूस तो लगेच सरळ करतो, तिथे हे क्रियापद वापरायचं.

"मग कुणाला कळतच नसेल."

"बघणाऱ्याला कळतं," मी म्हटलं. पुढचं वाक्य मला फळ्यावर लिहिता येईना.

ताई, निशाच्या हळदीच्या आदल्या दिवशी चंपाबाई कासारीण आपल्याला बांगड्या भरत होती. बांगडी हाडावरून चढताना सगळ्यांनाच दुखतं. तुझं तोंड मात्र तिनं नुसतं मनगट धरलं तेव्हाच आक्रसलं. बांगडी अजून तिच्या दुसऱ्या हातात होती. काकू म्हणाल्या, "सासरी काम नाही वाटतं, हात लोण्याचा झालाय." सगळ्या हसल्या. मीही हसले. तू म्हणालीस, बादली लागली. मला ते खरं मानायचं होतं, मी मानलं.

कारण तुझं हे स्थळ मी आणलं होतं. भावोजी आपल्या वस्तीच्या मंडळात स्त्रियांच्या हक्कांवर बोलले, हुंडा नको म्हणाले, आणि मी घरी येऊन सांगितलं की असा माणूस पुन्हा मिळणार नाही. घरात पदवीधर मी एकटी, म्हणून सगळ्यांनी माझं ऐकलं.

काल चंपाबाईला गाठून विचारलं. म्हणाली, "चार बोटांचे वळ होते, बाय. हजार हात धरलेत मी." पोस्टानं पाठवलं तर पत्र आधी भावोजींच्या हातात पडेल, म्हणून तिच्याकडेच देतेय. गुरुवारी ती बांगड्या घेऊन काशिमिऱ्याला येते, तेव्हा ते कामावर असतात. वाचून तिलाच परत दे.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. म्हटलं, उद्याच रिक्षा करू आणि ताईला घेऊन येऊ. बाबांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "लग्नाच्या वेळी तिला कुणी विचारलं नव्हतं. आता तरी विचार."

म्हणून विचारतेय. तुला यायचंय का? चंपाबाईला तोंडी सांगितलंस तरी चालेल. हो म्हणालीस तर बाबा आणि मी त्याच दुपारी येऊ. नाही म्हणालीस तर मी पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारीन.

तुझ्याऐवजी एकदा उत्तर देऊन बसलेली,
तुझी आशा