खुंटीवरचे रुमाल

४ डिसेंबर

नुसत्या फोनवर लाईन सोडायची नाही म्हणजे नाही! आजपासून हाच नियम.

अमळनेरजवळचं आमचं उपकेंद्र ते केवढंसं — मोठ्या केंद्रातून तेहेतीस हजार व्होल्ट येतात, ट्रान्सफॉर्मर ते अकरा हजारांवर उतरवतो, तिथून चार फीडर गावांकडे, शेतांकडे. प्रत्येकाला एक ब्रेकर; तो लावला की लाईन सुटते, तारेत वीज येते. ब्रेकर माझ्या हाताशी, माणसं खांबावर, पाच-सहा किलोमीटर लांब. मला दिसत कुणीच नाही. म्हणून जो चढणार त्याने आपला रुमाल पॅनेलशेजारच्या खुंटीला अडकवायचा, काम झालं की स्वतः येऊन काढायचा.

अण्णा, माझे वडील, असेच गेले. 'सगळे उतरले' असा फोन आला आणि लाईन सोडली. फोन कुणी केला, बारा वर्षांत कुणी सांगितलं नाही. त्यांच्या जागेवर मला ही नोकरी!

५ डिसेंबर

जीवराम नाना, आमचे सगळ्यात जुने लाईनमन, खूप हसले. "काय बेटी, धुनं सुकाडी राहिनी का?" लाईन बंद ठेवण्याच्या परवान्यावर सही केली, रुमाल दिला नाही. रोहिदास आणि मगन या बाकीच्या दोघा लाईनमननी अडकवले.

९ डिसेंबर

साहेबांचा फोन. पंप उशिरा सुरू होतात, शेतकऱ्यांची तक्रार. "आणखी एक तक्रार आली तर बदली." होऊ दे!

११ डिसेंबर



शेतीचा फीडर बंद होता. पावणेबाराला नानांचा फोन — "बठ्ठा उतरनात, टाक लाईन!" सगळे उतरले म्हणे, पण खुंटीवर रोहिदासचा निळा रुमाल. नाही म्हटलं. नाना ओरडले. दारात शेतकरी जमले, गव्हाचं पाणी खोळंबलेलं. रतिलाल आबांनी तर सरळ शिव्याच घातल्या. मी ब्रेकरसमोर खुर्ची टाकून बसले. भीती वाटत होती, खोटं कशाला लिहू.

साडेबाराला रोहिदास आला. मागे नाना, चेहरा पांढराफटक. पक्कड वरच राहिली म्हणून रोहिदास पुन्हा चढला होता. नाना फोन करत होते तेव्हा त्याचा हात तारेवर होता!

रोहिदासने रुमाल काढला, तोंड पुसलं आणि चहा मागितला.

१२ डिसेंबर

नाना परवाना घ्यायला आले. स्वतःचा रुमाल खुंटीला अडकवला. दारापर्यंत जाऊन थांबले. "तुना बाप वर व्हता, तवय बी फोन मीच करा व्हता, बेटी."

नाना रुमाल न्यायला परत येईपर्यंत मी ब्रेकरसमोरून उठले नाही.