मृत ज्वालामुखी आता कोणी म्हणत नाही

अण्णा,

शिलारस आणि लाव्हारस यांत मी घोळ घातला म्हणून तुम्ही मला अख्ख्या वर्गासमोर उभं केलं होतंत. गौलीगुड्यातली ती मराठी शाळा, तुम्ही भूगोलाचे मास्तर आणि मी तुमचीच लेक. "भुईच्या पोटात आहे तोवर शिलारस, बाहेर आला की लाव्हारस. घरात मास्तर असून एवढं येत नाही?" येत होतं, अण्णा. तुम्ही समोर असलात की मी गडबडायचे.

आज कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये भेंडी चिरता चिरता तुमच्या नातीकडून जपानी शब्दांची उजळणी करून घेत होते. पोटापाण्यासाठी मी जपानीचे अनुवाद करते, त्यामुळे घरातली मास्तर आता मीच. ज्वालामुखी? "काझान," म्हणजे आगीचा डोंगर. लाव्हा? "योगान." शिलारसाला मात्र ते सरळ ‘मागुमा’ म्हणतात, बाहेरून आणलेला शब्द, तुम्ही नाक मुरडलं असतंत. मग तुम्ही घोकून घ्यायचात ते तिन्ही प्रकार विचारले: जागृत, निद्रिस्त, मृत. तर ती हसली. "आई, निद्रिस्त, मृत आता कोणी नाही बोलत. कायकू, तर झोपलाय म्हणून सोडून दिलेला जपानातला एक डोंगर एकदम फुटला ना. तिथल्या लोकांनी ते शब्दच काढून टाकले."

सुरी ठेवून मी गॅलरीत गेले, परत आले, पुन्हा गेले. मला वाटत होतं, तुमच्यावरचा माझा राग केव्हाच मेलाय. जपानला जायची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा तुम्ही कागदावर सही केली नाहीत. "पोरीची जात, एकटी एवढ्या लांब? पुढच्या साली बघू," म्हणालात, आणि पुढच्या साली माझं लग्न लावून दिलंत. मी हूं की चूं केलं नाही. आज करते. तुम्ही चुकलात, अण्णा. फार चुकलात.

आता तुमच्या नातीला जपानातल्याच कॉलेजात प्रवेश मिळालाय, ज्वालामुखीच शिकायचेत. पालकाच्या सहीचा कागद चार दिवस फ्रिजवर पडून आहे. "उद्या आखरी तारीख आहे, कर ना सही," म्हणून ती सकाळपासून पाठीस लागलीय. मी तिला भूकंप सांगते, थंडी सांगते, एकटेपण सांगते. तुमच्यापेक्षा माझ्याकडे कारणं जास्त आहेत.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, हे पत्र मी टाकणार तरी कुठे? म्हणूनच खरं लिहून टाकते. मला तिची काळजी वाटत नाहीये, अण्णा. हेवा वाटतोय.