सोमवारपर्यंत एक भाषा

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरलीय, म्हणून तूर्त हात जोडलेत. उरलेला नमस्कार कंबर सुटली की घालीन.) तुझं बीपी कसं आहे, वहिनीची ॲसिडिटी कशी आहे, तू अजून उभ्या उभ्याच जेवतोस का, सगळं कळव. तू दिलेला तुझ्या कंपनीचा कप शाबूत आहे, ह्यांचा चहा त्यातच होतो. मागच्या सुट्टीत आलास तेव्हा दुपारभर माझ्या कामाची चौकशी करत बसलास, इतकी आस्था सख्ख्या नवऱ्यानं कधी दाखवली नाही. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मजेत कोणीच नाही.

तर झालं असं. आमच्या हॉस्पिटलातली टायपिंगची खोली तुला ठाऊकच आहे. तळघरात, एक्स-रेच्या शेजारी, मी आणि टकटकताई (ती कीबोर्डवर कणीक तिंबल्यासारखी बोटं आपटते, म्हणून हे नाव) कानाला हेडफोन लावून डॉक्टरांनी बोललेले रिपोर्ट टाइप करतो. करत होतो. आता यंत्र आलंय. डॉक्टर बोलतात, ते लिहितं. साहेबांनी वर बोलावून "बसा" म्हटलं तेव्हाच मी ओळखलं की काही खरं नाही, कारण एरवी ते उभंच ठेवतात. म्हणाले, टायपिंग बंद. कॉम्प्युटर विभागात एक जागा आहे. प्रोग्रॅमिंगची कुठलीही एक भाषा निवडा, सोमवारी नाव सांगा, मग तिचीच परीक्षा. जी पास होईल ती वर, दुसरी घरी. एकदा सांगितलेलं नाव बदलायचं नाही.

"कुठलीही एक" म्हणायला त्यांचं काय जातंय! मी भेटेल त्याला विचारत सुटले. हे लिफ्ट दुरुस्त करणारे, त्यामुळे ह्यांचं म्हणणं, चांगली जुनी असेल ती घे, जुन्याचे सुटे भाग मिळतात. म्हणून सी नावाची घेतली. शेजारच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, छे, पायथन घ्या, माझा भाचा हसत खेळत शिकला. (भाचा काय करतो विचारलं तर म्हणाल्या, शोधतोय.) मग दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात यंत्र घालून जावास्क्रिप्टचं कौतुक सुरू केलं. तोंड उघडं असल्यामुळे मला नाही म्हणता येईना, म्हणून तीही धरली. आणि जावा म्हणजे तिचंच लाडाचं नाव असेल असं समजून जावाचाही धडा करून बसले. प्रत्येक भाषेचा पहिला धडा एकच असतो, यंत्राकडून नमस्कार म्हणवून घ्यायचा. तेव्हा दादा, आज तुझी बहीण चार भाषांत नमस्कार म्हणू शकते. नमस्कारानंतर काय बोलायचं ते एकीतही ठाऊक नाही.

त्यात आमच्या धंद्याची खोड. कानातून आलं की बोटांतून जातं, मध्ये डोक्याला विचारायचं नाही. (विचारलं तर पेशंटच्या काळजीनं रिपोर्ट पुरा होत नाही.) व्हिडिओतले सर बोलू लागले आणि माझी बोटं आपोआप चालू झाली. "आवाज येतोय ना सगळ्यांना?" आणि "थांबा हं, मांजर टेबलावर चढलंय" इथपर्यंत सगळं मी इमानेइतबारे प्रोग्रॅममध्ये टाइप केलं आणि वर चालव म्हटलं. चुकांनी पडदा लालेलाल! मला रडूच कोसळलं. हे धावत आले आणि विचारतात काय, वायर बघितलीस का? मी जे ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ओरडले आणि लगेच जीभ चावली. ह्यांच्या खांद्याचं तुला सांगितलं नव्हतं. आता लिफ्टच्या छतावर चढायचं नाही, जड उचलायचं नाही, घरी बसायचं. त्या खांद्याचा रिपोर्ट मीच टाइप केला, आणि त्या दिवशी मात्र मध्ये डोक्याला विचारलं गेलं. म्हणजे घर आता माझ्या बोटांवर आहे, आणि मला भीती वाटते रे दादा.

टकटकताईचंही तेच आहे, तिच्याकडे अंथरुणाला खिळलेली आई आहे. इतकी वर्षं एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, आणि आता ती कुठली भाषा घेतेय ते कळू नये म्हणून हातानं पडदा झाकते. मीही झाकते. परवा दोघींनी एकदमच झाकला आणि आम्ही खो खो हसलो. मग ती डोळे पुसायला बाहेर गेली.

यंत्राचं म्हणशील तर ते फारच आज्ञाधारक आहे. एका आजोबांच्या रिपोर्टात त्यानं लिहिलं, "गुडघ्याची वाटी शाबूत आहे, कोण आहे रे तिकडे, दार लावा, चहात साखर नको." साहेबांनी असे रिपोर्ट गुपचूप आमच्याच टेबलावर आणून ठेवलेत, तेवढं नीट करा म्हणून.

तू यातला जाणता. सोमवारच्या आत, फोननं का होईना, एक नाव सांग. वहिनीला नमस्कार, मुलांना पापे.

तुझी,
चार भाषांत नुसताच नमस्कार करणारी बहीण

ता. क. भाषांचे गुणदोष लिहून पाठवू नकोस. ते ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

ता. क. दुसरा. ते यंत्र सुरू केलं की पडद्यावर जे चिन्ह येतं, तेच तू दिलेल्या कपावर आहे. डॉक्टर खोकले की तुम्ही काय करता, परिच्छेद कुठे तोडता, हे सगळं तू त्या दुपारी का विचारत होतास ते आता कळलं. मी हौसेनं सांगितलं होतं. रागावले नाहीये. (रागावलेय.) कुठली भाषा चांगली हे मला नकोच आहे. ते यंत्र तुम्ही कुठल्या भाषेत लिहिलंत तेवढं सांग, मी तीच घेते. टकटकताईलाही सांगणार आहे, पडदे झाकून कंटाळा आला. चहातली साखर कुठे गाळायची ते तू मला विचारायला विसरलास. ते त्याला आम्ही शिकवू.