सांजोळ गावची हजेरी

रविवार, ७ जानेवारी

आले बाई एकदाची चिखलीत! केजच्या गाडीने हाडं खिळखिळी केली, पण स्टॉपवर सिद्धेश उभा होता, हातात माझ्यासाठी वडापाव घेऊन. धाकटा भाऊ असून असा ऐटीत बॅग उचलून चालला की जणू मीच लहान. तो दोन वर्षं चाकणच्या कंपनीत मशीनवर आहे. मी उद्यापासून तिथल्याच दुसऱ्या कंपनीत, पार्ट तपासायच्या कामावर. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक गॅलरी. घरमालक सोपानराव खाली राहतात. त्यांनी आल्या आल्या बजावलं की कपडे वाळत घाला, पण पाणी खाली गळता कामा न्हाई.

ही वही सिद्धेशनेच दिली. नव्या गावात आलीस, रोज लिहीत जा म्हणाला.

मग पहिल्याच पानावर एक लिहून ठेवते. आईबाप ऊसतोडीला जायचे तेव्हा मला सोबत न्यायचे, स्वयंपाकाला. सिद्धेश आजीपाशी. शाळेत सगळ्या इयत्ता एकाच खोलीत बसायच्या. गुरुजींनी ‘वर्षाली’ पुकारलं की हा पठ्ठ्या किनऱ्या आवाजात ओरडायचा, हजर! गुरुजींना काय कळत नव्हतं? पण त्यांनी माझं नाव पटावरून काढलं नाही. आज मला नोकरी आहे ती त्या ‘हजर’मुळे. त्याच्या तोंडावर हे कधी म्हणणार नाही, डोक्यावर बसेल.

गुरुवार, ११ जानेवारी

सिद्धेश आणि त्याचे दोस्त दर रविवारी एक खेळ खेळतात. एकाने एक दुनिया रचायची आणि गोष्ट चालवायची. बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो, तोही वीस बाजूंचा! आत्तापर्यंत सिद्धेशच चालवायचा. आता म्हणतो, ताई, नवी मोहीम तू रच. मी! मी तर ल्युडोच्या पुढे गेले नाही.

त्याने समजावलं. अख्खी दुनिया रचायला बसू नको, एकच गाव रच. त्यात एक भीती असू दे आणि एक नियम. आणि हे ध्यानात ठेव, टेबलावर जे खेळलं गेलं ते पक्कं. नंतर खोडता येत नाही, चालवणारालासुद्धा.

मला तर ड्यूटीवरही दुसरं काही सुचेना. बसमध्ये डोंगर आखले, कँटीनमध्ये नदी.

रविवार, १४ जानेवारी

झालं गाव! नाव सांजोळ. तिन्ही बाजूंनी डोंगर, चौथीकडे धुकं. डोंगराखाली एक भट्टी, ती कधी विझत नाही. गावात विहीर, एक आंधळी वैदीण, बिनघंटेचं देऊळ. नकाशा पेन्सिलीने काढला. विहिरीची जागा तीनदा खोडली, पण काय देखणा झालाय म्हणून सांगू.

आणि भीती म्हणजे मुकादम. ती मला शोधावी लागली नाही. थंडीत पहाटे उसाच्या फडावर आमचा मुकादम नावं पुकारायचा, त्या आवाजाने मी अजून झोपेतून दचकून उठते. माझ्या मुकादमाला तोंड नाही, फक्त आवाज आणि हातात यादी. रोज दुपारी भोंगा झाला की तो हजेरी घेतो. नाव पुकारल्यावर जो गप्प राहील त्याला भट्टीत नेतो. दुसरं कोणी त्याच्या नावाला हजर म्हणालं तर तो वाचतो, पण म्हणणारा जातो. आणि गेलेला माणूस हळूहळू सगळ्यांच्या आठवणीतून पुसला जातो.

सिद्धेशने वाचलं आणि हातावरचा काटा दाखवला. मग विचारलं, सुटकेची वाट कुठाय? ती मला सुचली नव्हती. समासात लिहिलं, ‘सुटका: नंतर ठरवू.’ तो म्हणाला, ताई, ती जागा कोरी सोडू नको. मी म्हटलं, चालवणार तू का मी?

खेळायला आम्ही चौघं. सिद्धेश, त्याच्या मशीनशेजारचा रणजीत, माझ्या टेबलाजवळ बसणारी दिपाली आणि चालवायला मी. दिपाली म्हणजे नुसती खळखळून हसते. रणजीत पात्राचं नाव ठेवायलाही लाजतो, म्हणून मीच सांगितलं, सगळे आपापलीच नावं ठेवा.

रविवार, २१ जानेवारी

काय रंगला खेळ! रणजीतला ओव्हरटाइमला थांबवलं, तो आला नाही. दिपालीने वैदिणीला गोड बोलून औषध काढलं. साडेतीनला मागच्या वर्कशॉपचा खराखुरा भोंगा वाजला, तेवढ्यात मी यादी उघडली. जाड आवाज काढून पुकारलं, रणजीत. सगळे गप्प. आणि सिद्धेशच्या तोंडून सवयीने गेलं, हजर!

मग जीभ चावली त्याने. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, तू चाललास भट्टीत. दिपालीने नाही नाही म्हणून हात जोडले, पण मीही हट्टी. सिद्धेश हसत उठला आणि आमच्यासाठी पोहे करायला गेला.

सोमवार, २२ जानेवारी

सिद्धेश सकाळी नऊलाच घरी परत आला होता. कंपनीच्या हजेरीच्या मशीनने त्याचा अंगठा घेतला नाही. ऑफिसात त्याची फाईलही सापडेना. मशीनचं काय घेऊन बसलास, उद्या होईल म्हटलं.

बुधवार, २४ जानेवारी

आजही नाही. रणजीतने गेटवर त्याला ओळख दिली नाही. सिद्धेशला वाटलं, दोस्त मस्करी करतोय. संध्याकाळी सोपानराव वर आले आणि मला विचारतात, ह्यो पाव्हना किती दिस हाय? भाड्याचा जुना कागद काढून दाखवला. त्यावर एकटी मी. मी तर ह्या महिन्यात आले!

दोघंही हसलो. पण मला जेवण गेलं नाही.

शुक्रवार, २६ जानेवारी

सुट्टी. आईला फोन लावला, सिद्धेशकडे दिला. आई म्हणाली, कोण बोलतंय बाबा? त्याने चार वेळा नाव सांगितलं. मग तिने मला दटावलं की परक्या माणसाला खोलीवर घेत जाऊ नको, लोक काय म्हणतील.

सिद्धेश गॅलरीत जाऊन रडला. बारावीनंतर पहिल्यांदा पाहिलं त्याला रडताना. मी पाठीवर हात ठेवला. हाताला गार लागलं, ओल्या भिंतीसारखं.

शनिवार, २७ जानेवारी

वहीत सुटकेची वाट लिहिली. पाच तऱ्हांनी. विहिरीचं पाणी, देवळाला घंटा, काय काय. उद्याच खेळू म्हटलं. सिद्धेशने मान हलवली. खेळलं गेलं ते पक्कं, ताई. तूच चालवलंस. रागाने नाही म्हणाला, समजुतीने. त्याने ओरडायला हवं होतं.

रविवार, २८ जानेवारी

तरी खेळलो. दिपाली आणि रणजीत आले. त्यांना सिद्धेश दिसेना. तो त्यांच्यामध्येच बसला होता. पाचही वाटांना फासा एकवर पडला, म्हणजे फसलं. पाचही वेळा एक.

बुधवार, ३१ जानेवारी

कामावर गेलेच नाही. त्याचा हात धरून बसले. साडेतीनचा भोंगा झाला. तो म्हणाला, ताई, खालून कढत वारा येतोय—

हात रिकामा.

गुरुवार, १ फेब्रुवारी

सकाळी उठून वही वाचली तेव्हा आठवलं. सिद्धेश. माझा भाऊ. सिद्धेश, सिद्धेश, सिद्धेश. मीच घालवला त्याला. माझ्या हट्टाने.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

त्याचा आवाज किनरा होता की जाड? आठवेना. पलंगाखाली त्याचे बूट आहेत. त्याचेच ना—

आईला विचारलं, मला भाऊ किती. आई रडायला लागली. म्हणाली, परत ये पोरी, तुझं काहीतरी बिनसलंय.

शनिवार, ३ फेब्रुवारी

खेळलेलं खोडता येत नाही. पण यादीत नवं नाव घालता येतं! यादी मी केलीये. माझं नाव घालते. पुकारल्यावर गप्प बसेन. आता खेळ नाही, खरी हजेरी, म्हणून मुकादम मला लगेच नेईल, सिद्धेश जिथे आहे तिथेच. सुटका नको. फक्त तो एकटा नको.

सिद्धेशचंही नाव परत लिहिलं. काळ्या शाईने, ठळक.

रविवार, ४ फेब्रुवारी

दिपाली आलीये. मला बघून घाबरली, चहा केला, दोन कप. समजूत काढतेय. म्हटलं, एवढी यादी वाच, मग डॉक्टरकडे येते. आणि काहीही झालं तरी तू बोलू नको. हो म्हणाली. समोर बसलीये. मी लिहितेय—

भोंगा झाला.

ती म्हणतेय, कागदावर एकच नाव आहे. दोन लिहिली होती गं मी! दोन—

वर्षाली, म्हणाली. मी गप्प. सिद्धेश, आले रे. गप्प. दारातून कढत वारा. दिपाली माझ्या तोंडाकडे बघतेय. डोळ्यांत पाणी आलंय तिच्या. माझ्या गालाला हात लावून म्हणाली, हजर आहे की माझी बाई, हजर—

नको ना गं! तू का—

वारा थांबला. समोरची खुर्ची रिकामी. दुसऱ्या कपातून वाफ निघतेय. मी एकटी, दोन कप कशाला केले? गालाला अजून कोणाचा तरी हात—

पलंगाखाली पुरुषाचे बूट आहेत. पहिल्या पानावर लिहिलंय सिद्धेश, धाकटा भाऊ. अक्षर माझंच. मला तर भाऊ नाही.

पण शाळेत माझं नाव कोणी राखलं? मी तर तिथे उसाच्या फडात होते. गुरुजी नाव घ्यायचे आणि माझ्या जागी हजर कोण म्हणायचं— कोण म्हणायचं—