पेर्लाताईचा सिनेमा

३ एप्रिल १९९१

मला नाही घेतलं. तिला घेतलं! तिला!!

छत्री धरायला आली होती ती. मनिलाचे सिनेमावाले आमच्या बेटावर शूटिंग करणार, गावातल्या मुली बघणार असं कळल्यापासून मी आठ दिवस आरशासमोर रडायची तालीम करतेय. मला हवं तेव्हा रडता येतं. तीस आकडे मोजायच्या आत! शाळेत दिग्दर्शक बाईंसमोर रडून दाखवलंसुद्धा. "छान हं," म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावरून मागे बघायला लागल्या. मागे पेर्लाताई. भिंतीला टेकलेली, एका पायाने दुसऱ्या पायावरचा डास मारत.

"ती कोण?"

"माझी मोठी बहीण. ती त्यासाठी नाही आलेली."

"बोलव तिला जरा."

मीच बोलावलं. माझ्याच तोंडाने!

४ एप्रिल

सिनेमा दोन बहिणींचा आहे. ताईला थोरलीचं काम. धाकटीला मनिलाची बिया नावाची मुलगी आधीच ठरलीये. म्हणजे मला जागा नव्हतीच, उगाच रडले. दोघी बहिणी एकाच मुलावर जीव टाकतात, तो निघून जातो, एवढीच गोष्ट. बाबा जाळं सांधता सांधता म्हणाले, "असलं मनिलात होत असेल. आपल्यात नाही."

मी खाली मान घालून मासे साफ करत राहिले.

कारण तेर्यो. लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय! एलेउतेरियो त्याचं खरं नाव, पण ते कोणी उच्चारत नाही. आमचा धक्का ते इलोइलो शहर अशी मोटरची होडी चालवतो. एकोणीस वर्षांचा. होडीवर त्याने मेरीमातेचं नाव चुकीचं रंगवलं होतं, ते मी नोव्हेंबरात दाखवून दिलं. तेव्हापासून मला मेनिंग न म्हणता "मास्तरीणबाई" म्हणतो. दुसऱ्या कोणाला म्हणत नाही.

९ एप्रिल

सिनेमावाल्यांची ने-आण तेर्योकडे आलीय. म्हणजे रोज दिसणार! मी निळा फ्रॉक धुवून ठेवला.

११ एप्रिल

निळा फ्रॉक घातला. त्याने पाहिला नाही.

१४ एप्रिल

बिया आली. गोरीपान, हातापायावर एक ओरखडा नाही. आमच्या घरात राहून "बहिणीबहिणींची सवय" करायची म्हणे, बाईंचा हुकूम. माझी चटई तिला दिली, मी बाबांच्या खोलीत. आयत्या बिळावर नागोबा!

संध्याकाळी पायरीवर ताई तिचे केस विंचरत होती. आधी टोकं, मग मधले, गुंता आला की मुळाशी बोटाने दाबून धरायचं, म्हणजे दुखत नाही. माझे विंचरते ना, तस्संच. बिया म्हणाली, "किती हलका हात गं ताई!"

ताई! तुझी कुठून आली ताई?

मी आत जाऊन माझे केस माझे मीच विंचरले. मूठभर तुटले.

१८ एप्रिल

ताईला संवाद पाठ होत नाहीत. सहावीत शाळा सुटली तिची. आई दुसऱ्यांची मुलं सांभाळायला हाँगकाँगला गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, ताई बारा. घर कोण बघणार? ही गोष्ट मला अख्खं गाव ऐकवतं. शेजारीण, पाद्री, मासळीवाली. "तुझ्यासाठी शाळा सोडली हो तिने." मी सांगितलं होतं का सोड म्हणून?

रात्री जेवणानंतर मी तिचे संवाद घोकून घेते. ती थोरली, मी धाकटी. आज एका ठिकाणी म्हणायचं होतं, "तुला जे हवं असतं ते नेहमी तूच घेतेस." मी असं म्हटलं की बाबा जाळं खाली ठेवून बघायला लागले.

ताई म्हणाली, "अगंबाई, मेनिंग! बियापेक्षा तूच छान करतेस."

मग सांग ना जाऊन त्यांना! पण नाही सांगणार.

२३ एप्रिल

तेर्योने आज हाक मारली. धावत गेले. कैऱ्या दिल्या, जवळ्याच्या चटणीची पुडीपण. मी म्हटलं, मला आवडतात हे कसं कळलं? म्हणाला, "तुला आवडतात? बरं झालं. पेर्लालाही दे. दुपारी किती वाजता मोकळी होते गं ती?"

एकही नाही दिली. सगळ्या खाल्ल्या. दात आंबले, पोट दुखलं, तरी खाल्ल्या.

३० एप्रिल

ती हसते त्याच्यासमोर. आमच्याशी हसते तसं नाही, तोंडावर हात ठेवून. सहा वर्षं भात शिजवणारी ताई! मला वाटायचं तिला असलं काही सुचतच नसेल.

बिया मला म्हणाली, "तो होडीवाला तुझ्या ताईवर मरतो. मस्त जोडी ना?" मी म्हटलं, "त्याला इलोइलोत तीन मैत्रिणी आहेत." खोटं. सरळ खोटं. बियाने ते ताईला सांगितलंच. ताई नुसती म्हणाली, "असं?" आणि तांदूळ निवडत बसली.

बरं वाटलं. तासभरच.

४ मे

त्याने खुलासा केला असावा. परत हसतायत.

९ मे

आजच लिहायला हवं.

आज शेवटचा मोठा प्रसंग होता. मुलगा गेल्याचं कळतं आणि थोरली समुद्राकाठी रडते. तीन दिवस तालीम चालली होती, ताईला रडूच येईना. डोळ्यांत औषध घालून बघितलं, नुसते लाल झाले. बाई चिडल्या. मला आतून गुदगुल्या होत होत्या. रडणं माझं काम!

दुपारी दोनला तेर्यो शाळेच्या फाटकाशी आला. आत ताईला रंगवत होते, रखवालदार त्याला सोडेना. नवा शर्ट, हातात पिशवी. मला बाजूला घेतलं.

"जहाजावरची नोकरी लागली, मास्तरीणबाई. तार आली सकाळी. उद्या मनिलात हजर व्हायचंय. वर्षभर तरी सुटका नाही."

मी पिशवीकडे बघत राहिले.

"पेर्लाला सांग. धक्क्यावर थांबतो. चारच्या होडीने जायचंय, त्याआधी ये म्हणावं. पाच मिनिटं. तिला एक विचारायचंय. सांगशील ना?"

"सांगेन."

"देव तुझं भलं करो," म्हणाला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहान पोरीच्या ठेवतात तसा.

तो हात नसता ठेवला तर सांगितलंही असतं कदाचित. नाही, हेही खोटं. कोणाला फसवतेय?

आत गेले. ताई खुर्चीत, बिया तिला गजरा माळत होती. ताईने वर बघितलं. "काही सांगायचंय?"

"नाही. ऊन फार आहे."

ती बघतच राहिली. "नक्की ना, मेनिंग?"

"नाही म्हटलं ना!"

चार वाजले. साडेचार. मी पटांगणातल्या नळाखाली पाय धूत बसले. धुतले, परत धुतले.

पाचला सगळे किनाऱ्यावर गेले. ताई पाण्यात गुडघाभर उभी राहिली आणि रडली. औषध नाही, काही नाही. आवाजसुद्धा नाही, नुसते खांदे. बाई "थांबा" म्हणायला विसरल्या. बिया रडायला लागली, दिवेवाला नाक पुसायला लागला. कोणीतरी तिला सांगितलं असणार, तेर्यो गेला म्हणून. मला तसंच वाटलं.

आणि मी काय विचार केला? हिला माझ्याहून चांगलं रडता येतं.

असली आहे मी.

१२ मे

सिनेमावाले गेले. बियाने ताईला मिठी मारली, मला हात हलवला. ताई तिच्या मागे धक्क्यापर्यंत नाही गेली. माझी चटई झटकून परत जागेवर अंथरली.

१७ जून

शाळा सुरू झाली. ताई केस विंचरून देत नाही. मी मागत नाही.

२ जुलै

दुकानातल्या टपालात ताईच्या नावाचं पत्र. तिकीट परक्या देशाचं. त्याचं अक्षर.

दप्तरात ठेवलं.

४ जुलै

अजून दप्तरात. भूगोलाच्या पुस्तकात. आज बाईंनी नकाशा काढायला सांगितला, पुस्तक उघडता येईना.

५ जुलै

दिलं. ताई मासे खारवत होती. हात पुसले, उभ्या उभ्या वाचलं, चुलीशेजारी उघडंच ठेवलं आणि परत मीठ घ्यायला लागली. मग मीही वाचलं. "चारची होडी सोडली, पाचचीही. शेवटच्या होडीने निघालो. तू आली नाहीस, तेच तुझं उत्तर समजतो. मेनिंगवर रागावू नकोस, तिने निरोप नक्की दिला असणार, ती शहाणी आहे."

मी म्हटलं, "ताई, मी निरोप दिला नाही." मोठ्याने म्हटलं. रडू आणायचं म्हटलं तर येईना. तीस मोजले, शंभर मोजले.

ती म्हणाली, "मीठ दे इकडे."

६ जुलै

पहाटे ताईने स्वतःहून तोंड उघडलं. पाठ माझ्याकडे, हात भाताच्या भांड्यात.

"फाटकाशी तो तुझ्याशी बोलत होता, तेव्हा मी खिडकीतून बघत होते. पिशवी बघितली, तेव्हाच कळलं. चारची होडी सुटेपर्यंत वाट बघितली मी."

मी म्हटलं, "मग गेली का नाहीस त्याच्याकडे?"

"त्याची नव्हते बघत," ती म्हणाली. "तुझी."