दादा मळ्यात गेलेत

अंटार्क्टिका,
१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. मी बरा आहे, दहाही बोटं शाबूत आहेत आणि वजन चार किलोनं वाढलंय. दर रविवारी फोन होतो तरी ह्याला पत्राचं खूळ कुठून लागलं, म्हणून तू कपाळाला हात लावशील. पण काही गोष्टी फोनवर माझ्या तोंडातून निघतच नाहीत गं. आमचा फोन जेवणाच्या हॉलच्या कोपऱ्यात, मागे तिघंजण नंबर लावून उभे, आणि पलीकडे तू. थंडी संपल्यावरचं पहिलं विमान परवा उतरलं. त्यातून पुण्याचा एक शास्त्रज्ञ परत चाललाय, तो हे मुंबईत पोस्टात टाकेल. मी मात्र जानेवारीशिवाय हलत नाही. जनरेटर सांभाळायला नवा माणूस जहाजानं यायचाय.

इकडचं म्हणशील तर आता दिवस जवळजवळ मावळतच नाही. मेअखेरीला सूर्य गेला तो जुलैच्या मध्यालाच परत दिसला. तेव्हा चोवीस माणसं एका इमारतीत, बाहेर उणे तीस, आणि वादळ सुटलं की जनरेटरच्या शेडपर्यंत जायचं म्हणजे कमरेला पट्टा आणि हातात दोर. एकदा तीन दिवस वारा थांबला नाही, तेव्हा मी शेडमध्येच पोत्यांवर झोपलो. जनरेटर बंद पडला तर दोन तासांत नळातलं पाणी गोठतं, म्हणून सगळे माझ्याशी नीट वागतात. भाजीपाला मे महिन्यातच संपला. आपल्याकडचा कांदा जुलैपर्यंत पुरला. शेवटचा कांदा चिरला तेव्हा आचाऱ्याभोवती बाराजण वास घ्यायला उभे होते. तुला हसू येईल, पण आम्ही साले खरंच उभे होतो.

आता मुद्द्याचं. निघण्याआधी आमच्याकडून ढीगभर कागद भरून घेतले होते. त्यात एक प्रश्न होता. मार्च ते नोव्हेंबर इथून कोणालाच बाहेर पडता येत नाही, तर त्या काळात घरात कोणी गेलं तर तुम्हाला लगेच कळवायचं, की परत आल्यावर? ताई, माझ्या डाव्या हातात वडापाव होता. उजव्या हातानं मी ‘परत आल्यावर’ ह्यावर खूण केली आणि खाली घरच्या माणसाचं नाव म्हणून तुझं नाव टाकलं. दोन मिनिटांचं काम. कळून काय करणार, भिंतीवर डोकं आपटणार, असा माझा हिशोब. ज्या माणसाच्या माथी हे मारतोय त्याला आधी विचारावं, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. नंतर तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, जा रे, दादांना काय धाड भरलीय, दगड आहेत ते.

मलाही तसंच वाटत होतं. आई गेल्यावर ते डगमगले नाहीत. तू सासर सोडून आलीस तेव्हा गाव काय काय बोललं, पण त्यांनी दुसऱ्याच दिवशी तुला शेवंतीच्या वाफ्यात उभं केलं आणि म्हणाले, हा तुकडा आता छायाचा. एका कानानं ऐकू येत नाही म्हणून जगाला ऐकू येत नाही असं समजून ओरडणारा आपला बाप. दर रविवारी फोन लागला की तू हॅलो म्हणायच्या आत मागून त्यांची आरोळी यायची, काय रे, तिकडं वारा कुठला? मी म्हणायचो, दादा, इथं सगळीकडून. मग ते तुला सांगायचे, ह्याला अजून वारा कळत नाय. दर रविवारी हेच. मला कंटाळा यायचा, ताई. लाईनीतले लोक हसायचे म्हणून मला लाजही वाटायची.

जूनच्या पहिल्या रविवारी तू म्हणालीस, दादा झोपलेत. दुसऱ्या रविवारी ते येवल्याला लग्नाला गेले होते. तिसऱ्या रविवारी तू आधी वैतागून सांगितलंस की ह्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे, रात्री बारापर्यंत जागावं लागतं. आणि पाचच मिनिटांनी मी दादा कुठंयत विचारलं, तर म्हणालीस, मळ्यात गेलेत, मोटर चालू करायला. दुपारचा एक वाजला होता तुझ्याकडे. लाईट नसताना दादा कोणती मोटर चालू करणार? पन्नास वर्षं ज्यानं लाईटच्या वेळापत्रकावर झोप घेतली तो माणूस? तुझ्या ते लक्षातही आलं नाही. खोटं बोलायची सवय नाही ना तुला. मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि ड्यूटी नसताना जनरेटरच्या शेडमध्ये गेलो. तिथल्या आवाजात माणूस कितीही मोठ्यानं रडला तरी कोणाला ऐकू जात नाही.

पुढच्या आठवड्यात इथं थंडीच्या मध्याचा सण असतो. त्या दिवशी गंमत म्हणून बरेच जण डोकं भादरतात. मीही बसलो खुर्चीवर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. तो फोटो मी तुला पाठवला आणि तू लिहिलंस, छान दिसतोयस. आमचे लीडर मात्र टाळ्या वाजवत नव्हते. त्यांना ऑफिसकडून कळलं असणार. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग स्वतःच्या हातानं त्यांनी माझ्या मानेवरचे केस झटकले. दुसऱ्या दिवशी मी भाताचा एक गोळा केला, वर दही घातलं. पण कावळा कुठून आणू? इथं त्या दिवसांत एकही पाखरू नसतं, आणि असलं तरी खायला घालायला बंदी आहे. कण जरी बाहेर टाकला तरी चालत नाही. तासभर खिडकीशी ताटली घेऊन बसलो आणि शेवटी तो भात मीच खाल्ला. पाप लागत असेल तर लागू दे.

इथवर तुला वाटेल, बिचारा माझा भाऊ, एकट्यानं सोसलं. नाही ताई. पुढचं वाच. तू सांगत नव्हतीस कारण मी तशी खूण केली होती. मला मात्र कळलं होतं. त्याच रविवारी मी म्हणू शकलो असतो की ताई, बस कर. पण मी तसं म्हटलं नाही तोवर दादा होते. म्हणून मी दर रविवारी मुद्दाम विचारत राहिलो, दादा काय करतायत? आणि तू काहीतरी रचून सांगायचीस. दादांनी झेंडू लावला. दादा फुलबाजारात व्यापाऱ्याशी भांडून आले. दादांची दाढ काढली, आता वरणभात खातायत आणि डॉक्टरला शिव्या देतायत. त्या दाढेवर मी मोठ्यानं हसलो, आठवतंय? एक क्षण मला खरंच वाटलं होतं. मी हावरटासारखं ऐकत होतो गं. तुझ्या तोंडून बाप जिवंत करून घेत होतो, आणि तू दर आठवड्याला मला तो वाढत होतीस. पाच महिने. दसऱ्याला तुझा आवाज बसला होता, तू म्हणालीस सर्दी आहे. मी म्हणालो, काढा घे, आणि वर विचारलं, दादांनी सोनं वाटलं का? माझ्यासारखा नीच माणूस नसेल.

हे पत्र मी एवढ्यासाठी लिहितोय की जानेवारीत नाशिकरोडला मला घ्यायला येताना ते वाक्य तुला पाठ करत यावं लागू नये. ते वाक्य मला माहीत आहे. दादा कसे गेले, कोणी अग्नी दिला, मडकं खांद्यावर तूच घेतलंस का, हे सगळं घरी आल्यावर सांग, सवडीनं, पाहिजे तर रागावून सांग. तोवर दर रविवारी मी फोन लावीनच. पत्र पोचलं की मला तसं सांगू नकोस, मागे लोक उभे असतात, मला तिथं रडायचं नाही. ज्या रविवारी तू दादांचं नाव काढणार नाहीस, त्या रविवारी मी समजेन. मग मी एकच विचारणार आहे, जे ह्या पाच महिन्यांत मी एकदाही विचारलं नाही. ताई, तू कशी आहेस? आणि त्याचं उत्तर मात्र मला खरं दे.

तुझाच,
समाधान