पहिलं नख

६ जानेवारी, सोमवार

आली बाप्पा एकदाची नांदुऱ्याले! जानेफळहून सकाळची एसटी, खामगावले गाडी बदलली, दोन वाजता इथं. खोली मस्त हाये. नूरजहां खालाच्या घरावरची, एक खिडकी, एक दार. दाराची कडी जाम हाये, दोन हातानं ओढाव लागते. खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात आन् खालाच्या अंगणातलं डाळिंबाचं झाड. खाला सत्तरीची असन. मोहल्ल्यात कोणी बाई वारली की मयतीले आंघोळ घालाले तिलेच बोलावतात. हे तिच्या नातीनं, अदीबानं, मले चहा देता देता सांगतलं. म्या म्हटलं, बाई, चहा तरी पिऊ दे.

उद्यापासून हिंमतरावच्या साडीच्या दुकानात नोकरी. आईशी ठरलं हाये, नोकरी टिकली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढाचं नाई. नाई टिकली तर गुपचूप जानेफळले वापस, आन् मामानं आणलेलं स्थळ. म्हणून टिकवाचीच हाये.

निघता निघता आईनं बजावलं, डिंपल, तोंडात बोटं घालू नको. सहा वर्षांची होती तवापासून नखं खाते मी. थुकतबी नाई, गिळते. आईनं मिरची लावली, कडूनिंब लावला, कारल्याचा रस लावला. शेवटी मले कारलं आवडाले लागलं, नखं काई सुटले नाई.

८ जानेवारी, बुधवार

झाली फजिती. नवरीच्या आईपुढं शालू उलगडून राह्यली होती, आन् माह्या कुरतडलेल्या नखात रेशीम अडकलं. ओढलं तर हातभर धागा बाहेर! वरून पदरावर रक्ताचा ठिपका. हिंमतराव सगळ्यांपुढं म्हणाले, पोरी, हे हात हाये का किसनी? सारं दुकान हसलं. मंग बाजूले घेऊन हळूच म्हणाले, लग्नसराई हाये, महिनाअखेरपर्यंत हात सुधरव, नाई तर मले दुसरी पोरगी पाहाव लागन. माणूस वाईट नाई. पण लय रडली मी. आन् रडता रडता दोन बोटं अजून खाल्ले.

९ जानेवारी, गुरुवार

अदीबा खालच्या खोलीत बायकांचे नखं करते, हे मले आजच समजलं. माहे हात पाहून तिनं कपाळाले हात लावला. प्रत्येक नखाले डाव्या अंगाले एकच खाच. माहा पुढचा दात कोपऱ्यातून तुटलेला हाये ना, हापशीवर पडली होती लहानपणी, त्याची ते खाच.

तिनं दाही नखांवर बिनरंगाचं जेल लावलं, निळ्या दिव्याखाली वाळवलं. काचेसारखं कडक. म्हणे, आता दात लागतच नाई, आन् खालून तुहं सोताचं नख वाढन. उपटू नको फक्त, तीन हप्त्यानं मी घासून काढीन.

खाला दारात बसून पाहून राह्यली होती. या घरी शुक्रवारी नखं कापतात आन् डाळिंबाच्या बुडाशी पुरतात, इकडंतिकडं फेकत नाई. तिनं मले इचारलं, तुहे कुठं जातात? म्या हसत सांगतलं, पोटात. खाला हसली नाई. एकबी मातीले नाई देल्लं? नाई म्हटलं. खाला उठून जवळ आली. मंग म्हणाली, तुह्या आतल्या ज्या भुकेले सतरा-अठरा वर्षं रोज खाऊ घातलं तिले आज एकदम उपाशी ठेवलं. पहिलं नख आलं की मातीले दे बेटा, तिचं तोंड दुसरीकडं वळन.

अदीबानं डोळा मारला. म्हातारं माणूस!

१७ जानेवारी, शुक्रवार

आलं वं माय आलं! दाही बोटाले पांढरी कड! दोऱ्याएवढी हाये पण हाये. संक्रांतीले दुकानात बायकांले हळदीकुंकू मीच लावलं, एकीनं हात धरून पाह्यला. जन्मात पहिल्यांदा.

सांजच्याले खाला नेलकटर घेऊन वर आली. एकच काप, करंगळीचं, मी पुरते म्हणे. नाई देल्लं म्या. जिवावर आलं. आयुष्यातलं पहिलं नख, ते काऊन मातीत घालू? पुढच्या शुक्रवारी देईन म्हटलं. खाला नेलकटर घेऊन खाली गेली. थोडं वाईट वाटलं.

१९ जानेवारी, रविवार

दुपारी पडली होती, तं कुटकुट ऐकू आली. उंदीर म्हणून पेटी सरकवली, गादी झटकली. काई नाई. कानाखाली हात घेऊन झोपली होती. हात काढला तं आवाज बंद.

२१ जानेवारी, मंगळवार

पांढरी कड गेली. जेल जसंच्या तसं हाये, चरा नाई. पण त्याच्या खाली नख कुरतडलेलं हाये. दाहीचे दाही. आन् डाव्या अंगाले खाच.

अदीबानं मोबाईलचा उजेड पाडून पाह्यलं. इचारलं, कधी खाल्लेस? अवं, जेल फुटल्याबिगर कशी खाईन मी? ते घाबरली. आताच सगळं काढून टाकते म्हणे. पण उद्या दुकानात एका लग्नाची मोठी खरेदी, शालूवर मीच हाये. म्या म्हटलं, काढू नको, वरून मरून रंग लाव, दिसलं नाई पाहिजे. तिनं दोन थर लावले.

परवा ते आन् खाला वरवट बकालले निकाहाले चालल्या. शुक्रवारी, एकतीसले येतीन.

२४ जानेवारी, शुक्रवार

हिंमतराव खूश. सगळ्यांले माहे हात दाखवतात, म्हणे अशी पाहिजे पोरगी. नोकरी पक्की. आईले फोन केला, ते रडली.

आज नख द्याचा वार होता. मरून रंगाखाली काय उरलं काय माहीत. काय देऊ?

बोटाचं टोक दाबलं की पोचट शेंग दाबल्यासारखं लागते.

२७ जानेवारी

सुट्टी घेतली. अदीबाची कानस घेऊन सकाळपासून घासून राह्यली. कानस गुळगुळीत झाली, रंगसुद्धा निघाला नाई. कुटकुट आता दुसऱ्या पेरात. दुखत नाई. हेच भेव वाटते, की दुखत नाई.

खाला, एक नख देल्लं असतं तं—

२८

करंगळी तोंडात घातली. राहवलंच नाई. दात बरोब्बर बसले, जसे त्याच जागचे. एकदाच चावलं तं जेलचं सारं टोपण निघालं.

आत नख नव्हतं. बोटबी नव्हतं. नुसती कातडी, आन् आतून बारीक बारीक दाताचे वळ. सगळ्याले खाच.

आन् गोड लागलं. माय वं, गोड लागलं.

२९

कडी निघत नाई. बोटं वाकून पडतात, चिंधीवानी. मोबाईल या बोटाले ओळखत नाई, नुसता वाजते. हिंमतरावचे चार फोन, आईचे दोन. खिडकीतून वरडली, तं मालगाडी आली— डबेच डबे— संपेना.

आज नऊ टोपणं उरले. त्याहीच्याकडं पाहाचं नाई. पाहाचं नाई.

३०

पेन दातात धरून लिहून राह्यली. बोटात राहत नाई. आन् बरंच हाये. तोंडात पेन हाये तवरक तोंड दुसरं काई—

झोपली नाई. झोपली तं पेन सुटन. उद्या खाला येते. फक्त उद्यापर्यंत.

मनगटात कुटकुट.

३१

पेन अर्धं राह्यलं. प्लास्टिक गिळलं का थुकलं, आठवत नाई. शाई जिभेवर. गोड नाई. तिले हे नाई पाहिजे—

खाली फाटक वाजलं. खाला! अदीबा! डाळिंबापाशी उभ्या हायेत, वर पाहून राह्यल्या. खाला हाका मारते, डिंपल बेटा, डिंपल बेटा, ओ दे—

ओ द्याले पेन सोडाव लागन. पेन सोडलं की तोंड—

दार आतून बंद हाये, खालाले कसं सांगू— ते पायऱ्या चढून राह्यली— एवढंसंच राह्यलं पेन, दात दाताले लागून राह्यले— खाला, वर नको येऊ, तुह्या हाताले नखं हा